पुण्यातली सहावी-ते-आठवीच्या विज्ञान शिक्षकांची वीकेंड कार्यशाळा : जावं का? सविस्तर रिव्ह्यू

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर बऱ्याच जणी विचारतायत की कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत ती विज्ञानाची वीकेंड कार्यशाळा होते तिला जावं का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, त्या मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर लिहून दिल्यात आणि त्यांना सुधारायला वेळ मिळायला हवा. ज्यांना नाव हवंय त्यांनी मला पर्सनलवर विचारा. रेटिंगच द्यायचं तर पाचपैकी चार, आणि तो पाचवा का कापला ते वाचाच, कारण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

मी अनुदानित शाळेत सहावी, सातवी, आठवीला सामान्य विज्ञान शिकवते. माझं स्वतःचं बीएस्सी झालंय पण बॅचमध्ये निम्म्याहून जास्त लोक बीए-डीएड होते, मराठी किंवा इतिहासवाले, ज्यांना शाळेत तासिका भरायच्या म्हणून विज्ञान दिलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी एक, समाजशास्त्रासाठी एक आणि भाषेसाठी एक असे निदान एकेक शिक्षक हवेत. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन सुद्धा त्याच हिशोबाने गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असा वेगळा असतो. पण निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरलीच गेली नाही की मुख्याध्यापक तरी काय करणार, जो हाताशी आहे त्यालाच पुस्तक देतात. मग तो बिचारा माणूस आदल्या रात्री गाईड वाचून वर्गात जातो आणि प्रयोगाचं पान आलं की मुलांना म्हणतो वाचा आणि आकृती काढा. यात त्या शिक्षकाचा दोष मी तरी मानत नाही. त्याला कुणी हातात बल्ब आणि सेल देऊन बसवलंच नाही कधी.

आणि जी ट्रेनिंग होतात ती कशी होतात हे तुम्हाला सांगायला नको. राज्य पातळीवर काही लोकांना शिकवायचं, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, आणि शेवटच्या पायरीवर आपल्यापर्यंत येतं ते फक्त पीपीटी वाचून दाखवणं, अध्ययन निष्पत्तीची यादी, सही, चहा, प्रमाणपत्र. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ म्यूट करून पुढे ढकलायचा. विज्ञानाच्या ट्रेनिंगमध्ये विज्ञानाची एकही वस्तू दिसत नाही! मला याचा मनापासून राग येतो कारण सहावी-सातवी-आठवी हेच वय आहे जेव्हा मुलगी ठरवते की विज्ञान मला जमतं की नाही जमत, आणि एकदा नाही म्हणाली की नववीत कुणी काही करू शकत नाही.

तर आता कार्यशाळा. पहिल्या सकाळी ओळख-बिळख फार लांबवली नाही हे बरं केलं. सुलभक ताईंनी (तिथे सगळे ताई-दादाच म्हणतात, सर-मॅडम नाही) दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला टॉर्चचा एक जुना फिलामेंटवाला बल्ब, एक दीड व्होल्टचा सेल आणि एकच वायरचा तुकडा दिला. होल्डर नाही, स्विच नाही. पेटवा म्हणाल्या. बस एवढंच.

आता हे वाचून सोपं वाटतंय ना, पण तिथे हॉलमध्ये चांगला वेळ नुसती खुडबुड चालली होती. कुणी म्हणालं ताई अजून एक वायर द्या ना, त्या म्हणाल्या एवढंच आहे. बहुतेक जण बल्बचं खालचं टोक सेलच्या बटणावर टेकवत होते आणि वायरचं दुसरं टोक पण बल्बच्या त्याच खालच्या टोकाला लावायचा प्रयत्न करत होते, कारण पुस्तकातल्या आकृतीत बल्ब म्हणजे गोलात फुली, त्याला दोन बाजूंनी रेघा येतात, आणि त्या दोन रेघा खऱ्या बल्बवर नक्की कुठे लागतात हे आकृतीत दिसतच नाही. भोरकडून आलेल्या एका सरांनी शेवटी वायर बल्बच्या धातूच्या कडेला लावली आणि पेटला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, सरळ उभेच राहिले. मग ताईंनी एका जुन्या बल्बची धातूची टोपी कापून आतलं दाखवलं, की फिलामेंटची एक तार खालच्या टिंबाला जोडलेली आणि दुसरी बाजूच्या टोपीला, मधे काळं इन्सुलेशन. म्हणजे रस्ता बल्बच्या आतून जातो, आणि तो पूर्ण झाला तरच प्रवाह. आठवीचं धाराविद्युत आणि चुंबकत्व मी इतकी वर्षं शिकवतेय, पण परिपथ पूर्ण होणं हे मुलांना कुठे अडतं ते इतकं स्पष्ट मला आधी कुणी दाखवलं नव्हतं.

त्यापुढचा भाग तर मला सगळ्यात आवडला. मुलांच्या वहीतली खरी चित्रं वाटली, नावं झाकून, आणि विचारलं हे मूल काय विचार करतंय ते ओळखा. चूक की बरोबर ते नाही सांगायचं, विचार काय ते सांगायचं. एकाने सेलपासून बल्बपर्यंत एकच वायर काढलेली, जसं नळातून पाणी येतं तसं. दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी बाण बल्बकडे येताना काढलेले, म्हणजे प्लस आणि मायनस बल्बमध्ये येऊन धडकतात म्हणून उजेड. तिसऱ्याने बरोबर गोल काढलाय पण परतीचा बाण बारीक, कारण थोडी वीज बल्बने खाल्ली. ताईंनी सांगितलं की १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये मुलांशी बोलून अशाच कल्पना सापडल्या होत्या आणि मग जगभर तेच दिसत गेलं, म्हणजे आपल्या वर्गातलं मूल काही वेगळं किंवा ढ नाहीये. मग मल्टीमीटर बल्बच्या आधी लावला आणि बल्बच्या नंतर लावला, आकडा तोच. प्रवाह खर्च होत नाही, ऊर्जा रूपांतरित होते. हा तिसऱ्या मुलाचा विचार आमच्यातल्या बऱ्याच शिक्षकांचाही होता आणि ताईंनी कुणालाही लाज वाटू दिली नाही, हे मला फार मोठं वाटलं. शिक्षकाला शिकवणं अवघड असतं ते ह्याचसाठी, त्याला चारचौघांत मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

मेणबत्तीचा प्रयोग पण सांगते कारण तो आपल्याकडे सगळीकडे चुकीचा शिकवला जातो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर ग्लास उलटा, मेणबत्ती विझते आणि पाणी वर चढतं. आणि आपण काय सांगतो, की हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो तो जळून गेला म्हणून तेवढं पाणी वर आलं. इथे त्यांनी आधी एक मेणबत्ती ठेवून केलं, मग त्याच ग्लासखाली तीन मेणबत्त्या ठेवून. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त वर चढलं! आता ऑक्सिजन तर तेवढाच होता ना ग्लासात. सगळे गप्प. मग नीट बघायला सांगितलं, तेव्हा दिसलं की ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात आणि पाणी खरं जोरात चढतं ते ज्योत विझल्यावर. म्हणजे ज्योतीने हवा तापते, पसरते, काही बाहेर पडते आणि गार झाली की उरलेली हवा आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन कमी होतो हे खरं, पण सगळा संपायच्या आधीच ज्योत विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार पण होते. मी सोमवारी लगेच सातवीत करून बघितलं. तिसरी मेणबत्ती लावायच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घेतला, आणि मग एक मुलगी स्वतःच म्हणाली की मॅडम पुस्तकात लिहिलंय म्हणून बरोबर असं नसतं ना. मला तेवढंच हवं होतं. फक्त ओला कपडा आणि पाण्याची बादली शेजारी ठेवा, ओढण्या आणि वेण्या सांभाळा.

रसायनवाला भाग जेवणानंतर होता आणि तिथे घाई झाली. आम्ल, आम्लारी ओळख हा आठवीचा धडा घेतला. हळदीचा कागद करायचा, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. जास्वंदाच्या पाकळ्यांचं पाणी आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका दादांनी हळद आणि चुना कालवून समोरच लाल करून दाखवलं आणि म्हणाले, आपल्या घरचं पारंपरिक कुंकू असंच करायचे, ही तीच अभिक्रिया. त्यावर एवढी चर्चा झाली, साताऱ्याकडच्या एका मॅडमनी आज्जीची कृती सांगितली, आणि नेमकं तिथेच वेळ संपली म्हणून थांबवलं. हे थांबवायला नको होतं. तिथेच तर सूचक म्हणजे काय हे पक्कं बसलं असतं, की हळद रंग बदलून आपल्याला समोरच्या पदार्थाबद्दल काहीतरी सांगते. त्याऐवजी शेवटी एक वर्कशीट भरून घेतलं ज्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते सुद्धा हिंदीतून घाईने भाषांतर केलेलं, वाक्यं अडखळत होती. मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी आहे तर मराठी नीट बघून घ्यायला काय हरकत आहे.

झाडाचं वजन कुठून येतं ह्या प्रश्नावर मात्र मस्त वाद झाला. बहुतेकांनी माती सांगितलं, खत सांगितलं. मग व्हॅन हेल्माँट ह्या शास्त्रज्ञाचा प्रयोग आला, सतराव्या शतकातला, त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलेला. त्याने साधारण ९० किलो कोरड्या मातीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, फक्त पाणी घातलं, आणि ५ वर्षांनी झाड ७७ किलोच्या आसपास भरलं, माती कमी झाली जेमतेम ५७ ग्रॅम. तो म्हणाला सगळं पाण्यातूनच आलं. अर्धं बरोबर, कारण झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं ह्याचा तेव्हा पत्ताच नव्हता. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असलेली मुलं पण हवेतून लाकूड होतं हे मानायला तयार नसतात, आणि खरं सांगायचं तर ते मानायला अवघडच आहे, म्हणून ह्यावर दोन तासिका घालवल्या तरी वाया जात नाहीत.

पुण्याच्या हवामानाचा विचार करून दिलेल्या टिप्स हा आणखी एक प्लस. स्थितिक विद्युत हा सातवीचा धडा पावसाळ्यात आला तर स्ट्रॉ कितीही घासा, भिंतीला चिकटत नाही, कारण दमट हवेत प्रभार टिकत नाही. आपण मुलांना सांगतो प्रयोग बिघडला. तो धडा डिसेंबर-जानेवारीत घ्या, कोरड्या थंडीत कागदावर घासलेली स्ट्रॉ भिंतीला छान चिकटून बसते. तसंच शून्य सावलीचं. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्याच्या आसपास आणि परत जुलैच्या शेवटी. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत ढग. म्हणून त्यांनी सांगितलं की मेच्या त्या दिवसाचा गृहपाठ एप्रिलमध्येच द्या, मुलांनी गच्चीत बाटली उभी करून दुपारी साडेबाराच्या सुमारास सावलीचे फोटो काढायचे. आणि ह्यातूनच ऋतूंचा विषय काढता येतो, कारण उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून गरम होतं असं अजूनही मोठी माणसं म्हणतात. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैमध्ये, सुमारे १५.२ कोटी. स्वेटर घालून बसलेल्या वर्गाला हे सांगितलं की मुलं आपणहून अक्षाच्या कलण्याबद्दल विचारतात.

किटबद्दल. फीमध्ये किट धरलेलं आहे, त्यात बल्ब, सेल, वायर, रिंग चुंबक, स्ट्रॉ, भिंगं, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या असं सगळं एका स्टीलच्या डब्यात. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन, घन करायचे ही अरविंद गुप्तांची कल्पना. ते पुण्यात टेल्कोत इंजिनियर होते आणि १९७८ साली एक वर्षाची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले, तिथे हे सुरू झालं. नंतर आयुकातल्या (पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांबरोबर हेच केलं. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिलेली ती शोधिका पुण्यातल्या विज्ञान शिक्षकाने बघितलीच पाहिजे असं माझं मत आहे. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर खेळण्यांच्या कृती फुकट आहेत, मराठीत पण भरपूर.

किट संपलं की परत भरायचं कुठून हा सगळ्यांचा प्रश्न. वायर, सेल होल्डर, छोट्या मोटर, चुंबक सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, होलसेलमध्ये घेतलं तर वर्गाला पुरेल एवढं परवडतं. फक्त एक अडचण, जुने फिलामेंटवाले टॉर्च बल्ब आता पटकन मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. आणि एलईडीने हा एका वायरचा प्रयोग होत नाही, कारण एका दीड व्होल्टच्या सेलवर एलईडी पेटतच नाही, पांढऱ्याला तर तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, शिवाय उलटा जोडला तरी पेटत नाही. मुलांना वाटतं आपलं चुकलं. त्यामुळे दुकानात जाल तेव्हा फिलामेंटवालाच आहे ना हे विचारून, तिथेच सेल लावून बघून घ्या, आणि मिळाले की जास्तीचे घेऊन ठेवा.

आता तो कापलेला पॉइंट. शेवटच्या संध्याकाळी फोटो झाले, प्रमाणपत्रं झाली, आणि संपलं. पुढे काहीच नाही. व्हॉट्सॲप ग्रुप केलाय पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस. मी मेणबत्तीच्या प्रयोगात मुलांनी विचारलेला एक प्रश्न टाकला होता, की मेणबत्ती उंच आणि बुटकी एकत्र ठेवली तर आधी कुठली विझेल आणि का, त्यावर दोन अंगठे आले आणि बाकी शांतता. (उंच आधी विझते, आम्ही वर्गात करून बघितलं. तापलेला वायू वर जाऊन साठतो म्हणून.)

आणि हे मी उगाच मागत नाहीये. त्याच होशंगाबादच्या कार्यक्रमात, ज्याचं नाव कार्यशाळेत दोनतीनदा आदराने घेतलं गेलं, १९७२ ला १६ शाळांपासून सुरुवात झाली आणि पुढे जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक-पूर्व शाळांत, सहावी ते आठवीला तो पोचला. तो चालला तो फक्त उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाच्या जोरावर नाही. प्रशिक्षणानंतर दर महिन्याला शिक्षकांची बैठक व्हायची, कुणीतरी प्रत्यक्ष शाळेत येऊन वर्गात बसायचं, किट परत भरून मिळायचं, परीक्षा सुद्धा पुस्तक उघडं ठेवून आणि प्रयोग करून घ्यायचे, मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक पात्राला प्रश्नांची पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं जायची. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला हा वेगळा दुःखाचा विषय. पण शिक्षकाची खरी अडचण सोमवारी येते. साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, बाक हलत नाहीत, वरून बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ड्यूटी, आणि प्रयोग नीट झाला नाही तर शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार. त्या वेळी कुणाला फोन करायचा? निदान महिन्यातून एका शनिवारी दुपारी दोन तास भेटू, काय केलं काय फसलं सांगू, एवढं जरी त्यांनी ठेवलं तरी मी पाचपैकी पाच देईन. हॉल नसेल तर आमच्या शाळेचा वर्ग मी मिळवून देते, हे पण फॉर्मवर लिहिलंय.

बाकी छोट्या गोष्टी. पार्किंग नाही, दुचाकी लांब लावावी लागते. नाश्ता-जेवण साधं आणि चांगलं. हॉलमध्ये आवाज घुमतो, मागे बसू नका. संध्याकाळी सहाला सुटतं, त्यामुळे मुळशी-भोरकडच्या मॅडम लोकांना एसटी पकडायला धावपळ होते, सकाळी अर्धा तास लवकर सुरू केलं तर हे सहज सुटेल. फी हजाराच्या आत आहे, किट धरून ती रास्तच म्हणायची, पण खिशातून भरायला लागते. आमच्या शाळेने अर्धी दिली, तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून बघा, आणि ऑन ड्यूटीचं पत्र आधीच घ्या कारण एक दिवस शाळेच्या वेळेत येतो.

बीएस्सीवाल्यांनी आपल्याला येतं म्हणून टाळू नका, आणि ज्या भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकांना विज्ञान दिलंय त्यांनी तर आधी नाव द्या. शक्यतो एकाच शाळेतले दोघं मिळून जा, कारण परत आल्यावर एकट्याने वर्गात हे सुरू करणं जड जातं, दोघं असलात की किट लावायला आणि फसलेलं बोलायला शेजारच्याच वर्गात कुणीतरी असतं. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे असं म्हणाले, जागा लवकर भरतात.